मधुमेहातली जखम आणि चुकलेली वेळ

"शुगर आहे ना, मग जखम भरायला वेळ लागणारच." घरात कुणाला मधुमेह असेल तर हे वाक्य कानावरून गेलेलं असतंच. त्यामागची दोन कारणंही बहुतेकांना पाठ असतात. एक म्हणजे रक्तात साखर जास्त असल्याने जंतूंचं फावतं. दुसरं म्हणजे मधुमेहात प्रतिकारशक्ती कमी होते. पहिल्यात थोडंफार तथ्य आहे. दुसरं अर्धवट आहे, आणि या अर्धवटपणाने पुष्कळांचं नुकसान होतं. कमी झालं आहे तर वाढवा, एवढाच उपाय मग डोळ्यांसमोर येतो. काढे, पावडरी, इम्युनिटी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू होतात आणि तोवर पायाची जखम मोज्यात झाकलेली राहते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या संशोधनातून वेगळं चित्र समोर आलं आहे. मधुमेही माणसाच्या जुन्या जखमेत प्रतिकारपेशी असतात, आणि कित्येकदा नको तितके दिवस असतात. त्यांची वेळ मात्र चुकलेली असते. जखम ताजी असताना त्या उशिरा आणि अपुऱ्या येतात. आलेल्या पेशी काम उरकून बाजूला होत नाहीत. जखम भरणं हे एकामागून एक होणाऱ्या कामांवर अवलंबून असल्यामुळे, क्रम मोडला की सगळंच अडून बसतं. हा क्रम नेमका कुठे मोडतो हे समजलं, तर डॉक्टर काही गोष्टींसाठी इतका आग्रह का धरतात तेही समजतं.

हे समजून घेण्याची गरज किती आहे, ते आकडेच सांगतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिॲब पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमध्ये देशभराचं प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. मधुमेह असलेल्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी पायाला न भरणारी जखम होण्याची शक्यता जागतिक अंदाजांनुसार १९ ते ३४ टक्के असते. म्हणजे दर तीन ते पाच जणांमागे एकाला.

साध्या जखमेचे पहिले दहा दिवस

समजा, निरोगी माणसाच्या नडगीला पत्रा लागला. रक्त आलं आणि काही मिनिटांत थांबलं. ते थांबवणाऱ्या प्लेटलेट गुठळी तर करतातच, शिवाय आजूबाजूला रासायनिक संदेशही सोडतात. या संदेशांना पहिला प्रतिसाद देतात न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींमधला सर्वांत मोठा गट. आपली अस्थिमज्जा या पेशी रोज सुमारे १० हजार कोटींच्या संख्येने तयार करते, कारण त्यांचं आयुष्य फार थोडं असतं. संदेश मिळताच त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, दोन पेशींमधल्या फटीतून बाहेर सरकतात आणि जखमेकडे निघतात. पहिल्या एक-दोन दिवसांत त्यांची गर्दी सर्वाधिक असते. त्या जंतू गिळतात, ऑक्सिजनपासून बनवलेल्या तिखट रसायनांनी त्यांना मारतात आणि मेलेला भाग विरघळवणारी विकरं सोडतात. या दिवसांत जखमेच्या कडा लाल, गरम, थोड्या सुजलेल्या आणि ठणकणाऱ्या असतात. याला दाह म्हणतात. त्रास होतो खरा, पण साफसफाई चालू असल्याची ती खूण असते.

पेशी अशा प्रकारे परक्या वस्तूकडे धावून जातात, हे पहिल्यांदा पाहिलं एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावी त्याने तारामाशाच्या पारदर्शक डिंभांमध्ये गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. शरीरात शिरलेल्या गोष्टीला घेरून गिळणाऱ्या पेशी असतात, हा विचार तिथून पुढे आला. त्यासाठी त्याला १९०८ साली पॉल एर्लिखसोबत नोबेल पारितोषिक मिळालं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून जखमेत दुसऱ्या पेशी वाढू लागतात. रक्तातल्या मोनोसाइट बाहेर येऊन त्यांचे मॅक्रोफेज होतात. हा या गोष्टीतला मुख्य नायक. सुरुवातीला मॅक्रोफेज आक्रमक असतो, दाह चालू ठेवतो, जंतूंशी झुंजतो. पण त्याचं एक फार महत्त्वाचं काम वेगळंच आहे. काम संपलेल्या न्यूट्रोफिल स्वतःहून शांतपणे मरतात आणि मॅक्रोफेज त्यांना गिळून टाकतो. हे गिळणंच मॅक्रोफेजला बदलतं. आता तो दाह वाढवणारी रसायनं बनवायची थांबवतो, शमवणारी रसायनं बनवतो, नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात आणि फायब्रोब्लास्ट पेशींनी कोलॅजेन विणावं यासाठी संदेश देऊ लागतो. पंगतीत पहिली मंडळी उठली, पत्रावळी उचलल्या, जागा पुसली, की मगच दुसरी पंगत बसते. जखमेतही दुरुस्ती करणाऱ्या पेशींना जागा मिळते ती पहिल्या आलेल्या पेशी उठल्यावर आणि उचलल्या गेल्यावर.

मॅक्रोफेजचं महत्त्व दाखवणारा प्रयोग १९७५ चा आहे. लिबोविच आणि रॉस या अमेरिकी संशोधकांनी गिनी पिगमधले मॅक्रोफेज औषधांनी काढून टाकले. जखमेतला कचरा तसाच राहिला आणि भरण्याची क्रिया रेंगाळली. त्याच प्रयोगशाळेत त्याआधी न्यूट्रोफिल कमी करून पाहिलं होतं, तेव्हा जंतुविरहित जखमा व्यवस्थित भरल्या होत्या. जंतू असतील तर न्यूट्रोफिल हव्यातच. पण बांधणीचं काम मॅक्रोफेजशिवाय होत नाही.

आठ-दहा दिवसांत निरोगी माणसाच्या जखमेवर आतून गुलाबी, दाणेदार मांस चढतं आणि कडांकडून नवी त्वचा सरकत येते. पुढे वर्षभर कोलॅजेनची डागडुजी चालू राहते. तरीही व्रणाची मजबुती मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचते.

आधी उशीर होतो

मधुमेहात पहिला बिघाड जखम होण्याआधीच झालेला असतो. वर्षानुवर्षं शुगर चढी राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. लागलेलं कळत नाही, हे आपल्याला माहीत असतं. पण वेदना वाहून नेणाऱ्या नसा मेंदूला खबर देतात, तशा त्या जखमेच्या जागी स्वतःची रसायनंही सोडतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली नेचर या नियतकालिकात दाखवून दिलं, की या नसांमधून सुटणारं सीजीआरपी नावाचं रसायन न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या दोघांवर काम करतं. न्यूट्रोफिल वेळेवर आवरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात आणि दुरुस्तीकडे वळतात. उंदरांमध्ये या नसा काढून टाकल्यावर जखमा रेंगाळल्या. मधुमेही उंदरांच्या जखमेवर याच रसायनाचं सुधारित रूप लावल्यावर त्या लवकर भरल्या. म्हणजे बधिर पायात जखम लक्षात येत नाही, आणि तिथल्या प्रतिकारपेशींना नसांकडून मिळणारी सूचनाही हरवलेली असते.

बधिर पायाचं हे संकट भारतात फार आधी ओळखलं गेलं होतं, वेगळ्या आजारात. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांचा बारकाईने अभ्यास केला. बोटं झडतात ती वेदना हरवल्यामुळे, रोजच्या घासण्याने, दाबाने, भाजण्याने, हे त्यांनी ठामपणे मांडलं. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी हेच ज्ञान मधुमेही पायासाठी वापरलं. जखमेवरचा भार काढून घेणारं प्लॅस्टर आणि बधिरपणा तपासायचा नायलॉनचा तंतू या गोष्टी मधुमेहाच्या दवाखान्यांत पोहोचल्या, त्यात ब्रँड यांच्या या कामाचा मोठा वाटा आहे.

दुसरा अडथळा रक्तवाहिन्यांचा. मधुमेहात गुडघ्याखालच्या वाहिन्या अरुंद होतात. प्रतिकारपेशी रक्तातून येतात, प्रतिजैविकं रक्तातून येतात, आणि जंतू मारायला लागणारा ऑक्सिजनही रक्तातूनच येतो. वाट अरुंद असेल तर सगळंच कमी पोहोचतं.

तिसरा बिघाड खुद्द पेशींमध्ये. साखर फार वाढली की न्यूट्रोफिलची संदेशाच्या दिशेने सरकण्याची, गिळण्याची आणि मारण्याची क्षमता मंदावते. यातलं एक कारण रसायनशास्त्राच्या भाषेत नीट सांगता येतं. पेशीत शिरलेली जास्तीची साखर एका आडवाटेने सॉर्बिटॉलमध्ये बदलली जाते आणि त्यात एनएडीपीएच नावाचा पदार्थ खर्च होतो. जंतू मारणारी तिखट रसायनं बनवायलाही न्यूट्रोफिलला हाच पदार्थ लागतो. तो आधीच संपलेला असल्यामुळे जंतू गिळला तरी मारणं अवघड होतं.

माणसांच्या जखमांवर झालेल्या अलीकडच्या अभ्यासांनी या उशिराला दुजोरा दिला आहे. मायामी विद्यापीठातल्या गटाने २०२० साली मधुमेही पायांच्या जखमांची तुलना निरोगी माणसांच्या त्वचेतल्या आणि तोंडातल्या ताज्या जखमांशी केली. भरणाऱ्या जखमेत सुरुवातीला पेशींची जी धावपळ दिसते, ती मधुमेही जखमेत फारच कमी होती. बॉस्टनच्या एका गटाने २०२२ साली एकेका पेशीची जनुकं तपासली. ज्या जखमा पुढे भरल्या, त्यांत आक्रमक, दाह करणारे मॅक्रोफेज जास्त होते. न भरलेल्यांत कमी. दाह म्हणजे नुसतं संकट, तो दाबला की जखम भरेल, ही समजूत या निष्कर्षांपुढे टिकत नाही. सुरुवातीचा जोरदार दाह हवाच असतो.

याचा रोजच्या जीवनातला परिणाम भयंकर आहे. पायात खोलवर जंतुसंसर्ग पसरलेला असतानाही मधुमेही माणसाला पुष्कळदा ताप येत नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, पाय फारसा लाल होत नाही आणि दुखतही नाही. घरचे म्हणतात, "दुखत नाही ना, मग काळजी कशाला?" शरीर धोक्याची जी लक्षणं दाखवतं ती प्रतिकारपेशींनीच उभी केलेली असतात. त्याच मंद पडलेल्या असतील तर लक्षणंही मंदच दिसणार. आठवडाभर बरी असलेली शुगर अचानक चढायला लागणं, मोज्याला वास येणं, दोन्ही पायांत एकाच जागी हाताला जाणवण्याइतका उष्णतेचा फरक पडणं, हे अशा वेळी जास्त भरवशाचे इशारे आहेत. दोन पायांच्या तापमानात २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक सलग दोन दिवस राहिला, तर आत काहीतरी बिघडतं आहे असं धरून डॉक्टरांकडे जावं, असं मधुमेही पायाचे तज्ज्ञ सांगतात.

मग मुक्काम हलत नाही

या उशिरानंतर होणारा बिघाड नेमका उलट्या दिशेचा आहे. तीन-चार आठवडे झाले, जखमेच्या कडा जाड आणि पांढुरक्या पडल्या, तळाशी पिवळसर चिकट थर बसला, लस वाहते आहे. अशा जखमेतला द्रव तपासला तर दाह वाढवणारी रसायनं भरपूर सापडतात. सुरुवातीला ज्याची उणीव होती ते आता धुमसत राहिलेलं असतं. पहिली पंगत उठतच नाही.

यातला एक धागा बर्लिनमध्ये सापडला. मॅक्स प्लांक संस्थेतल्या ब्रिंकमन, झिचलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं, की न्यूट्रोफिल मरताना स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकते आणि त्या चिकट धाग्यांत जंतू अडकतात. संसर्गाशी लढायला हे उपयोगी आहे. पण त्या धाग्यांवर ऊतींना इजा करणारी विकरंही चिकटलेली असतात. बॉस्टनमधल्या संशोधकांनी २०१५ साली पाहिलं, की मधुमेही माणसांच्या न्यूट्रोफिल असं जाळं फेकायला आधीच सज्ज असतात. त्यासाठी लागणारं पीएडी-४ हे विकर त्यांच्यात सुमारे चौपट होतं. ज्या उंदरांमध्ये हे विकर मुळातच नव्हतं, त्यांच्या जखमा लवकर भरल्या. जाळ्यांचा डीएनए तोडणारं औषध दिल्यावरही भरण्याचा वेग वाढला. पुढच्याच वर्षी इटलीतल्या गटाने न भरणाऱ्या मानवी जखमांतही या जाळ्यांचे घटक जास्त असल्याचं नोंदवलं.

दुसरा धागा मॅक्रोफेजचा. मधुमेही जखमेतला मॅक्रोफेज मेलेल्या न्यूट्रोफिल नीट गिळत नाही. चंदन सेन आणि शाश्वती रॉय या संशोधकांच्या गटाने २०१० साली मधुमेही उंदरांत हे दाखवलं. न गिळलेल्या पेशी फुटतात, त्यांच्यातली विकरं सांडतात, आणखी दाह होतो. शिवाय गिळलंच नाही तर मॅक्रोफेज बदलणार कसा? तो आक्रमक अवस्थेतच अडकून आयएल-१ बीटासारखी दाहकारी रसायनं ओतत राहतो आणि त्या रसायनांमुळे त्याची ती अवस्था आणखी पक्की होते.

तिसरा धागा विकरांचा. अडून राहिलेल्या पेशी एमएमपी-९ सारखी प्रथिनं कापणारी विकरं सोडतात. नव्याने विणलेलं कोलॅजेन कापलं जातं आणि दुरुस्तीचे संदेश देणारी प्रथिनंही कापली जातात. अमेरिकेत १९९७ साली मधुमेही जखमेसाठी अशाच एका वाढ-प्रथिनाचं जेल मंजूर झालं, तेव्हा फार आशा होती. पुढे अशा जेलचा सरसकट वापर मार्गदर्शक तत्त्वांनी स्वीकारला नाही. विकरांनी भरलेल्या जखमेत वरून टाकलेलं प्रथिन फार टिकत नाही, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

जंतूही या परिस्थितीचा फायदा घेतात. ते एकत्र येऊन चिकट आवरण तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. न्यूट्रोफिल आणि प्रतिजैविकं त्यात नीट शिरत नाहीत, पण ते आवरण दाह मात्र पेटता ठेवतं.

आठवडाभराची शुगर पुरेशी का नसते

"जखम झाल्यापासून शुगर एकदम कंट्रोलमध्ये आहे, तरी भरत का नाही?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर अस्थिमज्जेत आहे. न्यूट्रोफिल काही तास ते काही दिवस जगतात, म्हणजे नव्या शुगरमध्ये नव्या पेशी यायला हव्यात. पण त्या ज्या मूळ पेशींपासून बनतात, त्या मज्जेत दीर्घकाळ राहतात. चढ्या साखरेत राहून त्यांच्या डीएनएवर आणि त्याभोवतीच्या प्रथिनांवर रासायनिक खुणा उमटतात. कोणतं जनुक उघडं ठेवायचं, कोणतं बंद, हे या खुणा ठरवतात. उंदरांवरच्या प्रयोगांत मधुमेही मज्जेतून आलेले मॅक्रोफेज साध्या साखरेच्या वातावरणात आणूनही दाहाकडेच झुकलेले दिसले आहेत. शरीराला जुनी साखर आठवते, ती अशी.

पोटाभोवतीची चरबीही यात भर घालते. तिच्यातून दाहकारी रसायनं सतत थोडी थोडी रक्तात मिसळत असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपलं लक्ष वेधलं आहे, की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण पुष्कळ असू शकतं. म्हणून "मी काही जाड नाही" एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

याचा अर्थ आता शुगर सांभाळून उपयोग नाही, असा मुळीच नाही. आजची साखर आजच्या न्यूट्रोफिलच्या मारक क्षमतेवर परिणाम करते, म्हणून जखम असताना ती आटोक्यात हवीच. त्या काळात डॉक्टर कित्येकदा गोळ्या थांबवून इन्सुलिन सुरू करतात ते यासाठीही. पण पुढच्या जखमेची तयारी जखम नसलेल्या वर्षांत होत असते.

उपचारांकडे पुन्हा पाहताना

हे सगळं कळलं की दवाखान्यात जे चालतं त्याचा अर्थ लागतो. ड्रेसिंगच्या वेळी डॉक्टर कडेची जाड कातडी आणि तळाचा पिवळा थर खरवडून काढतात. रक्त येतं, नातेवाईक घाबरतात: "भरत आलेली जखम परत कशाला उकरता?" या डिब्रीडमेंटने मेलेला भाग, बायोफिल्म आणि अडून बसलेल्या पेशी निघून जातात. ताजं रक्त आलं म्हणजे प्लेटलेट आल्या, नवा संदेश गेला. जुनी जखम पुन्हा ताजी करून क्रम पहिल्यापासून सुरू करायची ही रीत आहे. पायाचा रक्तपुरवठा तपासल्यानंतरच ती करायची असते, आणि म्हणूनच घरी ब्लेडने कधीच करायची नसते.

जखमेवरचा भार काढणं हा दुसरा उपाय, आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा. बधिर पायाने टाकलेलं प्रत्येक पाऊल जखमेला पुन्हा चेचतं आणि दाह पुन्हा पेटवतं. गुडघ्यापर्यंतचं प्लॅस्टर किंवा न काढता येणारा बूट नकोसा वाटतो, पण तळव्याच्या जखमेसाठी त्याइतकं सिद्ध झालेलं दुसरं फारसं काही नाही. रक्तवाहिनी अरुंद असेल तर अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून वाट मोकळी करावी लागते. त्याशिवाय महागातलं मलमही निरुपयोगी ठरतं.

थेट प्रतिकारपेशींना हाताशी धरणारे उपचारही येऊ लागले आहेत. ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये झालेल्या चाचणीत रुग्णाचंच थोडं रक्त घेऊन, ते यंत्रात फिरवून, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि फायब्रिन यांची चकती बनवून दर आठवड्याला जखमेवर ठेवली. २०१८ साली आलेल्या निष्कर्षांनुसार २० आठवड्यांत ३४ टक्के जखमा भरल्या. नेहमीच्या उपचारांत २२ टक्के. तैवानमध्ये मॅक्रोफेजचा कल बदलणारं एक मलम मंजूर झालं आहे. त्यातल्या दोन वनस्पती आपल्या ओळखीच्या आहेत. एक पानओवा, ज्याच्या जाड पानांची आपण भजी करतो, आणि दुसरी मंडूकपर्णी. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या २३६ रुग्णांच्या चाचणीत १६ आठवड्यांत या मलमाने सुमारे ६१ टक्के जखमा पूर्ण भरल्या, तुलनेच्या ड्रेसिंगने ३५ टक्के. हे शुद्ध केलेले, मोजून घेतलेले अर्क आहेत. परसातली पानं वाटून उघड्या जखमेवर लावली तर त्यातून मातीतले जंतू तेवढे आत जातील.

घरात आणि वाटेवर

आपल्याकडे पायाला निमित्त लागायला फार काही घडावं लागत नाही. भातलावणीत आणि पावसाळी बुटांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. उन्हाळ्यात टाचांना भेगा पडतात. अंगठ्याच्या चपलेचा पट्टा बेचकीत घासतो. देवळाच्या तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा होते. वारीत काही जण अनवाणी चालतात. दुखऱ्या पायाला बरं वाटावं म्हणून कढत पाण्यात पाय सोडले जातात आणि बधिर कातडीला चटका कळतच नाही. कुरूप झालं की ब्लेड किंवा मेडिकलमधून आणलेली पट्टी वापरली जाते. त्या पट्टीतलं आम्ल चांगली कातडीही खातं. श्रद्धा, शेती, सवय यांतलं काहीच सोडून द्यायला नको. पाऊल मात्र झाकलेलं हवं, पाण्याची उष्णता घरातल्या दुसऱ्या कुणी हाताने पाहिलेली हवी, आणि रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या पाहिलेल्या हव्यात. स्वतःला दिसत नसेल तर आरसा घ्यावा, नाहीतर मुलाला किंवा सुनेला हक्काने सांगावं.

जखम झालीच तर स्वच्छ पाण्याने धुवून, कोरडं निर्जंतुक ड्रेसिंग करून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाखवावी. हळद, चुना, तंबाखू, टूथपेस्ट यांतलं काहीही तिच्यावर नको. आणि एक सोपी नोंद ठेवावी. जखमेची लांबी-रुंदी पट्टीने मोजून तारखेसह लिहावी, किंवा शेजारी पट्टी ठेवून फोनवर फोटो काढावा. नीट उपचार चालू असताना चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर ती त्याच पद्धतीने भरण्याची शक्यता कमी असते. तेव्हा रक्तपुरवठा, हाडातला संसर्ग, भार या सगळ्याची नव्याने तपासणी व्हायला हवी. "भरेल हळूहळू" म्हणत पाचव्या, सहाव्या महिन्यापर्यंत तेच ड्रेसिंग चालू ठेवण्यात बोटं जातात, पाय जातात.

भरलेली जखमही विसरून चालत नाही. मधुमेही पायाची जखम भरल्यानंतर वर्षभरात सुमारे ४० टक्के लोकांना पुन्हा जखम होते. व्रण कमजोर असतो, नसा बधिरच असतात, पेशींच्या जुन्या खुणा तशाच असतात.

म्हणून प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या मागे लागण्यापेक्षा वेळ वाचवण्याच्या मागे लागावं, असं मला मनापासून सांगायचं आहे. छातीत दुखलं की आपण रात्री-अपरात्री गाडी काढतो. मधुमेही माणसाच्या पायाची न दुखणारी जखम तितकीच तातडीची आहे, कारण शरीराच्या बाजूने आधीच उशीर झालेला असतो. त्यात आपला उशीर मिळवायचा नाही. प्रत्येक तपासणीत रक्तातल्या शुगरबरोबर पायही पाहिला गेला पाहिजे. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी चप्पल-मोजे काढून पाय पुढे करायला आणि "हेही बघा" असं म्हणायला संकोच करू नका.